जुन्या गाडीचे दिवे: बिघाड कसा शोधायचा, दुरुस्ती कशी करायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालची उत्तरं मुख्यतः फियाट (पद्मिनीसकट) आणि ॲम्बॅसडर या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. जुन्या जीपला आणि स्टँडर्ड कंपनीच्या हेराल्डलाही त्यातलं बरंचसं लागू पडेल. फियाट तर सोलापूरकरांना जवळचीच. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद १८८२ साली इथेच जन्मले.

माझं मत आधीच सांगतो. दिव्यांच्या तक्रारीत बहुतेक वेळा बल्ब निर्दोष असतो. करंट बॅटरीपासून बल्बपर्यंत येताना अडतो, नाहीतर बल्बपासून बॅटरीकडे परत जाताना. म्हणून आधी मोजायचं, मग दुकानात जायचं.

हेडलाईट लागतात, पण पिवळट आणि मंद. नवे बल्ब घातले तरी तेच. असं का?

कारण बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज थोडंसं कमी पडलं तरी उजेड फार कमी होतो. जो बल्ब १३.५ व्होल्टला पूर्ण उजेड देतो, तो १२ व्होल्टला साधारण दोन तृतीयांश देतो आणि ११ व्होल्टला जेमतेम निम्मा. जुन्या गाडीत स्विच, डिपर (झोत वर-खाली करणारा स्विच), फ्यूज बॉक्स आणि प्रत्येक जोड थोडं थोडं व्होल्टेज खातो. मिळून दीड-दोन व्होल्ट सहज जातात.

हे मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी चालू ठेवा, हेडलाईट लावा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर लावा, दुसरं हेडलाईटच्या मागच्या होल्डरमध्ये प्लस येते त्या पिनवर. बल्ब लागलेलाच हवा. तो काढून मोजलंत तर वायरीतून करंट वाहत नाही आणि मीटर सगळं ठीक असल्याचं दाखवतो. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर प्लसच्या वाटेत दोष आहे. मग बॅटरीवरचं टोक तिथेच ठेवून दुसरं एकेक टप्पा मागे न्या: डिपरच्या पुढे, डिपरच्या मागे, स्विचच्या पुढे, स्विचच्या मागे. ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये आकडा एकदम उतरतो, तिथे चोर आहे.

परतीची वाटही अशीच बघायची. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं होल्डरच्या अर्थच्या पिनवर. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परतणारी वाट, खराब.

मीटर हाताशी नसेल तर एक लांब, जाड वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा, दुसरं होल्डरच्या अर्थला टेकवा. उजेड चटकन वाढला तर दोष अर्थिंगचाच. या साध्या वायरीने नवे बल्ब आणि नवे डूम (काचेसकट दिव्याची चकचकीत वाटी) विकत घेण्याचा खर्च कित्येकांचा वाचेल.

अर्थिंग नेमकं कुठे बिघडतं?

तीन जागा आधी बघा. पहिली, बॅटरीची मायनस पट्टी बॉडीला जिथे बोल्टने धरलेली असते ती. दुसरी, इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी तुटली की करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. तिसरी, प्रत्येक दिव्याच्या जवळची छोटी काळी वायर. ती मडगार्डच्या आत स्क्रूने लावलेली असते, चिखलाच्या आणि धुळीच्या माऱ्यात.

गाडीला नवा रंग दिल्यानंतर दिवे बिघडल्याची तक्रार फार येते. रंगारी सगळीकडे छान रंग मारतो, अर्थच्या स्क्रूखालीसुद्धा, आणि रंगातून करंट जात नाही. स्क्रू काढा, थिंबलखालची (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखालची) जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, थिंबल नवं क्रिंप करा (वायरीवर दाबून बसवा), आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावा. ग्रीस आवळल्यानंतर, आधी नाही.

काम सुरू करण्याआधी काय काळजी घ्यावी?

वायरीला हात लावण्याआधी बॅटरीची अर्थची बाजू काढा आणि जोडताना ती शेवटी जोडा. हातातली अंगठी, घड्याळ उतरवा. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी तो सोडवा. दिवे नंतर बघू. व्होल्टेज मोजताना बॅटरी जोडलेलीच लागते, तेव्हा पाना प्लसपासून दूर ठेवा.

एकच हेडलाईट लागतो. किंवा अप्पर (दूरचा झोत) लागतो, डिपर (जवळचा झोत) लागत नाही.

एक बाजू पूर्ण मेली असेल तर दोन्हीकडचे बल्ब अदलाबदल करून बघा. दोष बल्बबरोबर गेला तर बल्ब, तिथेच राहिला तर होल्डर किंवा अर्थिंग. होल्डरची प्लास्टिक टोपी तपकिरी पडली असेल, पिन काळी झाली असेल, तर घासत बसू नका. होल्डर बदला आणि त्याच्या मागची दोन-तीन इंच जळकी वायरही कापून टाका.

दोन्ही बाजूंचा डिपर एकदम गेला तर डिपर स्विच. पायाने दाबायचा डिपर असलेल्या गाड्यांत तो जमिनीवर, चपलांच्या मातीत आणि गाडी धुतल्यावर साचणाऱ्या पाण्यात बसलेला असतो. काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, दहा-पंधरा वेळा दाबा. पुष्कळदा तेवढ्यावर परत चालतो.

इंडिकेटर दिला की पार्किंगही लुकलुकतो. ब्रेक दाबला की टेललाईट विझल्यासारखा होतो. भुताटकी वाटते.

हा अर्थिंगचा दोष ओळखण्याची सर्वात सोपी खूण आहे. मागच्या दिव्यात २१/५ वॉटचा दुहेरी फिलामेंटचा बल्ब असतो, २१ चं ब्रेकचं, ५ चं टेलचं. त्या दिव्याची अर्थ तुटली की २१ वॉटच्या फिलामेंटमधला करंट परतायला दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे ५ वॉटचं फिलामेंट आणि तिथून पुढे टेललाईटची वायर, जिच्यावर बाकीचे पार्किंग दिवे अर्थला जोडलेले आहेत. मग जे लागायला नको ते मंद लागतं आणि जे लागायला हवं ते लागत नाही. लोक स्विच बदलतात, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बदलतात, आणि दोष असतो डिकीतल्या एका गंजलेल्या स्क्रूत.

दुसरं कारण, बल्ब उलटा बसवलेला. या बल्बच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो एकाच प्रकारे बसावा. होल्डर झिजला असेल तर जोर लावून उलटाही बसतो. मग टेललाईट ब्रेकइतका झगझगीत आणि ब्रेकलाईट मिणमिणता. मागून येणाऱ्याला हे फार फसवं असतं.

इंडिकेटर फार जलद उडतो, किंवा लागतो पण उडतच नाही.

जुना फ्लॅशर आतल्या पट्टीच्या गरम होण्यावर चालतो. त्यातून ठरलेला करंट गेला तरच तो मिनिटाला ६० ते १२० या वेगात उडतो. एका बाजूचा एक बल्ब गेला की करंट कमी होतो आणि वेग बदलतो: काही फ्लॅशर जलद उडतात, काही नुसते लागून राहतात. म्हणून आधी चारी बल्ब २१ वॉटचे आहेत ना, ते बघा. बाजारात ५ वॉटचा बल्बही त्याच होल्डरमध्ये बसतो आणि कुणीतरी तो घालून ठेवलेला असतो.

बल्ब ठीक असतील तर फ्लॅशरची बी (बॅटरीचं) आणि एल (दिव्यांचं) ही टोकं एका वायरीने जोडा आणि इंडिकेटर द्या. दिवे न उडता स्थिर लागले तर फ्लॅशर गेला. तरीही लागले नाहीत तर फ्यूज, स्विच किंवा अर्थिंग.

एलईडी बल्ब घातल्यावर जुना फ्लॅशर चालत नाही, कारण करंट फारच थोडा लागतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. आणि लाल काचेमागे पांढरा एलईडी घालू नका; उजेड फिका, गुलाबीसर दिसतो. लालच्या मागे लाल, पिवळ्याच्या मागे पिवळा.

ब्रेकलाईट लागत नाही.

ही तक्रार उद्यावर टाकू नये. काही गाड्यांत ब्रेकलाईटचा स्विच पेडलला असतो, काहींत ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालणारा, मास्टर सिलिंडरजवळ किंवा पाइपच्या जोडावर. दोन्हींची तपासणी एकच: स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडा. दिवा लागला तर स्विच खराब.

पेडलचा स्विच असेल तर पुष्कळदा नुसता सरकलेला असतो, नट सैल करून जागेवर आणायचा. तेलाचा असेल तर वेगळी गोष्ट. तो काढताच ब्रेक ऑइल गळतं, आत हवा शिरते आणि नवा बसवल्यावर ब्रेक ब्लीड करावेच लागतात, म्हणजे आतली हवा काढावी लागते. ब्लीड करायची सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडेच द्या. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. ते रंग उचलतं.

फ्यूज परत परत उडतो. मोठा घातला तर?

नाही. फ्यूज वायरीला वाचवतो. मोठा फ्यूज, तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घातली की पुढच्या वेळी वायर जळते, आणि जुन्या गाडीत वायरीच्या शेजारी पेट्रोलची पाइप असू शकते.

उडालेल्या फ्यूजच्या जागी २१ वॉटचा एक बल्ब वायरी लावून जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो भक्क लागेल. आता एकेक दिव्याची वायर काढत जा आणि वायरीचा जुडगा हलवत जा. ज्या क्षणी तो बल्ब विझेल किंवा एकदम मंद होईल, त्या फांदीवर शॉर्ट आहे. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथलं रबरी ग्रोमेट, डिकीच्या झाकणाचा बिजागर आणि स्टिअरिंग कॉलमचा वरचा भाग, या जागा पहिल्या.

निमुळत्या टोकांचे, पन्हळीत बसणारे फ्यूज असतील तर पांढरा ८ अँपिअरचा आणि लाल १६ चा. त्यांची टोकं कळंकतात. फ्यूज न उडताच दिवा जात-येत असेल तर प्रत्येक फ्यूज जागच्या जागी गोल फिरवा. त्याने भागलं तर फ्यूज बदला आणि पकडीच्या पट्ट्या जरा आत दाबून घट्ट करा.

लुकास (ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या जुन्या वायरिंगमध्ये हेडलाईटच्या वाटेत बऱ्याचदा फ्यूजच नसतो. अशा गाडीत तो जरूर घाला, डाव्या-उजव्या दिव्यांना वेगवेगळा, म्हणजे एक उडाला तरी दुसरा लागलेला राहील.

हायवेला दिसत नाही. १००/९० वॉटचे बल्ब टाकू का?

दिसत नाही ही अडचण खरी आहे. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू झालं की मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट, कुठल्याही रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात आणि कितीतरींना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही. उजेड हवाच. पण तो वॉट वाढवून आणायचा नाही.

६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टला १० अँपिअर ओढतात, १०० चे दोन जवळजवळ १७. ते सगळं जुन्या स्विचमधून जाणार. स्विच आणि होल्डर तापणार, वाटेतलं व्होल्टेज आणखी पडणार, म्हणजे वाढलेल्या वॉटचा बराच भाग वायरी तापवण्यातच जाणार. समोरच्याचे डोळे दिपणार ते वेगळंच. ६०/५५ च्या बल्बला पूर्ण व्होल्टेज द्या. फरक पहिल्याच रात्री दिसेल.

एच४ (६०/५५ चा हॅलोजन) बल्ब घालायचा तर आधी डूमची बैठक बघा. जुन्या ४५/४० वॉटच्या बल्बचा पाया वेगळा असतो. अडॅप्टर लावून बसवता येतो, पण फिलामेंट जरा पुढे-मागे गेलं तरी झोत विस्कटतो. एच४ साठीच बनवलेला पूर्ण डूम घेणं चांगलं. सात इंची गोल डूम जीपला, बुलेटलाही असतो, त्यामुळे मिळायला अवघड नाही. तरी आपली रिंग मोजूनच जा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

एलईडीबद्दल विचाराल तर मागच्या दिव्यांत आणि मीटरच्या दिव्यांत चालेल. जुन्या डूममध्ये हेडलाईटला मला तो पटत नाही. डूम फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो, एलईडीचा उजेड त्या जागेवरून येत नाही, आणि झोत रस्त्याऐवजी झाडांवर जातो.

रिले कसा जोडायचा?

रिले म्हणजे थोड्या करंटने चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. जुन्या गाडीच्या हेडलाईटवर करता येईल असं सगळ्यात मोलाचं काम हेच. दोन रिले लागतात, एक अप्परला, एक डिपरला. ३० नंबरच्या टोकाला बॅटरीच्या प्लसवरून थेट जाड वायर, २.५ चौरस मिलिमीटरची, आणि बॅटरीच्या अगदी जवळ तिच्यावर १५ ते २० अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून हेडलाईटकडे तितकीच जाड वायर. हेडलाईटला येणारी जुनी वायर ८६ ला. ८५ अर्थला. होल्डरची अर्थही नवी, जाड वायर टाकून घ्या, नाहीतर अर्धंच काम होतं.

आता बल्बचा करंट स्विचमधून जातच नाही. रिलेची गुंडाळी चालवण्यापुरता, म्हणजे एक अँपिअरच्याही बराच आत, तेवढाच जातो. चाळीस वर्षांचा मूळ स्विच आणखी खूप वर्षं टिकेल. रिले टोकं खाली करून बसवा म्हणजे पाणी साचत नाही. मूळ वायर कापायची नाही. उद्या गाडी मूळ रूपात आणायची असेल तर सगळं उलगडता आलं पाहिजे.

सिग्नलला उभं राहिलं की दिवे मंद, गाडी पळवली की झगझगीत.

तुमच्या गाडीत डायनमो (जुन्या पद्धतीचं वीज बनवणारं यंत्र) असेल तर थोडा फरक स्वाभाविक आहे. डायनमो मंद फेऱ्यांवर जवळपास काहीच देत नाही आणि भरात असतानाही जुने डायनमो २० अँपिअरच्या आसपासच देतात. त्यातून हेडलाईट, टेल, इग्निशन आणि वायपर भागवायचे. १०० वॉटचे बल्ब नको म्हणण्याचं हे आणखी एक कारण.

पण उभ्या गाडीत दिवे फारच मंद होत असतील तर बॅटरी बघा. इंजिन बंद करून काही तासांनी ती १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. अल्टरनेटरच्या (डायनमोच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या) गाडीत इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. वेगात दिवे जास्तच पांढरे होऊन बल्ब वारंवार जात असतील तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) जास्त व्होल्टेज सोडतोय. तो आधी दुरुस्त करा.

माझ्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला आहे. चूक आहे का?

चूक नाही. जुन्या ब्रिटिश बनावटीत ती पद्धत होती. साध्या बल्बला दिशेचा फरक पडत नाही. एलईडीला, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला, रेडिओला पडतो, आणि उलटं जोडलं तर ते जळू शकतात. गाडी कुठल्या पद्धतीची आहे ते बॅटरीच्या केबलवरून खात्री करून मगच काहीही जोडा. वर मोजणीत जिथे प्लस-मायनस म्हटलंय तिथे अशा गाडीत उलट समजा.

हेडलाईटची दिशा घरी लावता येते का?

येते. सपाट जमीन, समोर भिंत, चाकांत बरोबर हवा, चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं. भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीवर खडूने रेघ मारा. डिपरवर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. रिंगखालचे स्क्रू उंची आणि बाजू ठरवतात.

आपल्याकडे डिपरचा झोत डावीकडे, रस्त्याच्या कडेला वर चढलेला असतो. तुमचा उजवीकडे चढत असेल तर काच उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीची आहे. ती समोरच्याच्या डोळ्यांत जाते आणि स्क्रू फिरवून सुधारत नाही. डूम बदला.

डूम आतून काळवंडलाय. पॉलिश करू?

आतला लेप ॲल्युमिनियमचा, अतिशय पातळ असतो. फडक्याने पुसला तरी निघतो. क्रोम करून घेऊ नका. दिसायला चकचकीत, पण क्रोम ॲल्युमिनियमपेक्षा बराच कमी उजेड परत फेकतो. व्हॅक्यूममध्ये नवा लेप देणारं कुणी मिळालं तर उत्तम, नाहीतर नवा डूम.

पूर्ण वायरिंग बदलावी का?

सोलापूरचा उन्हाळा वायरीला भोवतो. पारा चाळिशीपार असताना बंद बॉनेटखाली वायरीचं आवरण कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. एक-दोन ठिकाणी वायर वाकवून बघा. तडे गेले, आतली तार काळी पडलेली दिसली, तर तुकडे जोडत बसण्यात अर्थ नाही. पण आवरण मऊ असेल आणि फक्त टोकं खराब असतील तर मूळ वायरिंग ठेवा, टोकं नवी करा. जुन्या गाडीत मागच्या तीन मालकांनी घातलेल्या जादा वायरीच जास्त त्रास देतात. हॉर्न, टेप, फॉग लॅम्प यांच्या बेवारशी वायरी आधी शोधून काढून टाका.

ॲम्बॅसडरसारख्या लुकास पद्धतीच्या वायरिंगमध्ये रंग मदत करतात: निळा हेडलाईटचा, निळा-पांढरा अप्परचा, निळा-लाल डिपरचा, लाल पार्किंग आणि टेलचा, काळा अर्थचा. अर्थात आधी कुणी हात लावलेला नसेल तरच. रंगावर विश्वास ठेवण्याआधी मीटर लावा.

गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर उंदीर बघा. वायर कुरतडलेली असेल तर टेप गुंडाळून भागवू नका; कापून, क्रिंप करून, वर हीट श्रिंक स्लीव (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

आरटीओत दिव्यांचं काय बघतात? व्हिंटेज नोंदणीत रिले चालतो का?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. अप्पर, डिपर, पार्किंग, चारी इंडिकेटर, ब्रेक, नंबर प्लेटचा दिवा, सगळं चालू ठेवूनच गाडी न्या. नंबर प्लेटचा दिवा हमखास विसरला जातो.

व्हिंटेजचे नियम २०२१ साली आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेल्या बिगरव्यावसायिक गाडीला व्हीए मालिकेतला नंबर मिळतो. मोठे बदल नकोत ही अट चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनाबद्दल आहे, रिलेबद्दल नाही. मात्र अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज वापरायची असेल तर हा विचार आधी करा.

तुळजापूर किंवा पुण्याकडे रात्री निघताना दिव्यांचं काय सामान बरोबर ठेवावं?

एक हेडलाईट बल्ब, २१ आणि २१/५ चा एकेक, आपल्या गाडीचे फ्यूज, एक फ्लॅशर, एक जादा रिले, दोन मीटर वायर दोन्हीकडे क्लिप लावलेली, टेस्ट लॅम्प, पक्कड, टेप. आणि लाल रिफ्लेक्टरचा त्रिकोण. मागचे दिवे वाटेत गेले तर आधी गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, त्रिकोण मागे दूरवर ठेवा, माणसांना गाडीतून उतरवून बाजूला उभं करा, मग बॉनेट उघडा. दुरुस्ती जमली नाही तर टेललाईटशिवाय पुढे निघू नका. जवळच्या ढाब्यावर किंवा पंपावर थांबा आणि उजाडल्यावर निघा.